मुलुंड ते बोरिवली, बॅटरीसकट

माझ्याकडे कॅम्पर ट्रेलर आहे, हे वाक्य मी पूर्वी छाती फुगवून म्हणत असे. हल्ली भरभर म्हणून मोकळा होतो, म्हणजे समोरच्याला पुढचं काही विचारायला सवड मिळत नाही. कॅम्पर ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची दोन चाकांची खोली. आत गादी, पंखा, दिवे, हातभर ओटा. परदेशातली माणसं ती घेऊन जंगलात आणि बर्फात जातात. माझी मुलुंडला, आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटच्या खिडकीखाली उभी असते आणि उन्हाळ्यात बायको तिच्या टपावर पापड वाळत घालते.

नोकरीने मी विमा कंपनीत आहे. लोकांच्या गाड्या कशा आपटल्या याचे कागद तपासणं हे माझं काम. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण मोबाइलवर ट्रेलरचे व्हिडिओ बघून बघून मला एक दिवस वाटायला लागलं की हे आपल्याला जमेल. असं वाटायला लागलं की घरातल्या माणसांनी आपल्याला धरून ठेवायला हवं. आमच्या घरात कोणी धरलं नाही.

भांडुपच्या ज्या कारागिराकडून मी तो ट्रेलर बनवून घेतला, तो एरवी वडापावच्या आणि चायनीजच्या गाड्या बनवतो. माझी चित्रं त्याने नीट पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "शेगडी कुठल्या बाजूला?" मी त्याला जंगल, चांदणं, समुद्र वगैरे समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि हाताच्या सवयीने एक बाजू वर उघडणारी करून ठेवली. ट्रेलर सोसायटीत आला त्या दिवशी वॉचमनने सलाम ठोकून विचारलं, "साहेब, भुर्जी का चायनीज?" अजूनही शनिवार-रविवारी एखादा नवखा माणूस खिडकीशी येऊन मेनूकार्ड मागतो.

बाकी सगळं कारागिराने केलं. वीज मात्र मी माझ्याकडे ठेवली. ट्रेलरमध्ये स्वतःची एक मोठी बॅटरी असते, तिच्यावर आतलं सगळं चालतं. ती भरायची कशी? तर पुढची गाडी चालू असताना तिचं इंजिन वीज तयार करतच असतं. त्यातली थोडी जाड वायरने मागे आणायची, मध्ये चार्जर बसवायचा, की आपण रस्ता कापतोय तोवर मागे बॅटरी आपसूक भरत राहते. ही कल्पना मला एवढी आवडली की कित्येक महिने मी दुसऱ्या कशावर बोललोच नाही. लग्नकार्यात लोक मला पाहून पानाच्या टेबलाकडे सरकायला लागले.

पहिल्यांदा मी घरच्या फिटिंगची वायर वापरली. ती बारीक पडली. गाडीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत येता येता वीज दमून जायची, मे महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर नळाला पाणी येतं तशी. मग अंगठ्याएवढी जाड वायर आणली. ती गाडीच्या पोटाखालून ओढण्यात माझे बरेच रविवार जमिनीवर आडवे पडून गेले. सोसायटीतली माणसं जाता-येता माझ्या पायांशी गप्पा मारायची. गाडीच्या मागे एक करड्या रंगाचा चपटा प्लग बसवला, ट्रेलरच्या दांड्यावर तसाच दुसरा. दोन्ही एकमेकांत दाबले की आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि वीज मागे जाते.

आणि ते चाललं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची हकीकत ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही. मोबाइलवर एक ॲप होतं, त्यात बॅटरीत किती वीज जातेय ते दिसायचं. तो आकडा वर जाताना पाहण्यासाठी मी हायवेवर मुलुंड ते घाटकोपर आणि परत अशा फेऱ्या मारायला लागलो.

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर टाकली तर इथेच चार्ज होईल ना रे?" बायकोने विचारलं.

"त्यात काय मजा?"

"आणि पेट्रोल जाळून बॅटरी भरण्यात काय मजा आहे?"

"ते स्वावलंबन आहे," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पापड उलटायला गेली.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई आणि तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, दोघी कणकवलीकडच्या. लग्नं होऊन मुंबईत आल्या त्या दोन टोकांना, मावशी बोरिवलीला आणि आई मुलुंडला. नकाशात पाहिलं तर मध्ये फक्त जंगल आहे. बिबट्याने मनात आणलं तर तो सकाळी निघून दुपारी जेवायला पोचेल. माणसांना मात्र घोडबंदरचा वळसा घालून, ट्रॅफिकला शिव्या देत जावं लागतं. तरी आई महिन्यातून एकदा जायचीच. डब्यात घावणे, पिशवीत कुळथाचं पीठ, आणि परतताना त्याच पिशवीत मावशीने घातलेलं दुसरं काहीतरी. दोघी दिवसभर भांडायच्या आणि निघताना डोळे पुसायच्या.

मग आईची फुप्फुसं थकली. नाकात नळी आणि शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. ते विजेवर चालतं, म्हणून आई त्याच्या वायरीच्या टप्प्यात राहायला लागली. मावशी तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि आईला तीन पायऱ्यांनी दम लागतो. मावशीला इकडे आणावं, तर तिचं विसरणं वाढत गेलेलं. गाडीत बसवली की घाबरते, दार उघडायला बघते. माझा मावसभाऊ तिला हाताला धरून संध्याकाळी खाली बाकावर आणून बसवतो, तेवढंच तिचं बाहेर पडणं. व्हिडिओ कॉल करून पाहिला. मावशीने मोबाइलमधल्या आईकडे थोडा वेळ बघितलं आणि मुलाला म्हणाली, "दुसरा कायतरी लाव." आईने त्यानंतर कॉल लावू दिला नाही. बघता बघता दोन वर्षं दोघींची भेट नव्हती.

माझ्यासारख्या माणसाला यात काय दिसावं? मला दिसला विजेचा प्रश्न. आई जिना चढू शकत नाही, मावशी गाडीत बसू शकत नाही, म्हणजे खोलीच मावशीच्या जिन्याखाली नेली पाहिजे. खोली तर माझ्याकडे होती! रस्त्यात गाडीमध्ये छोटं सिलिंडर पुरेल, आणि तिथे पोचल्यावर ट्रेलरच्या बॅटरीवर मशीन चालेल. बॅटरी वाटेत भरलेली असेलच. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन सलग मिळत असेल आणि जास्तीचं सिलिंडर जवळ असेल तर हरकत नाही. मला वाटलं, या एका दिवसासाठीच विधात्याने माझ्याकडून ट्रेलर बनवून घेतला.

मावसभावाला फोन केला. तो खूश झाला. म्हणाला, "ये की. वरून वायर सोडतो मी गॅलरीतून. गणपतीत मंडपाला सोडतो ना, तशी. मशीन लाव बिनधास्त."

"वायर नको रे. बॅटरी आहे. वायरच टाकायची तर ट्रेलर कशाला?"

"तेच विचारतोय," तो म्हणाला.

मध्ये दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा आईच करते. त्या वर्षी तिने खुर्ची बाहेर मांडायला लावली, मशीनची वायर खिडकीतून बाहेर घेतली (हो, त्याच खिडकीतून) आणि हातात ताम्हन घेतलं. गाडीला झेंडूचं तोरण, ट्रेलरला झेंडूचं तोरण. मग तिने विचारलं, "यात मुख्य काय रे?"

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपणहून हा प्रश्न विचारला होता. मी प्लग सोडवून दोन्ही भाग आईसमोर धरले आणि म्हणालो, "आई, हे मुख्य. सगळी शक्ती इथून जाते. हे नसेल तर बाकीचा ट्रेलर म्हणजे नुसतं खोकं." शक्ती हा शब्द मीच वापरला. आईने भक्तिभावाने दोन्ही प्लगांच्या तोंडात हळद-कुंकू वाहिलं आणि वर चिमूटभर ओल्या अक्षता घातल्या. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक सांभाळ, आमका सुखान न्हे आणि सुखान परत हाड." मी मोठ्याने "होय म्हाराजा" म्हटलं आणि प्लग एकमेकांत दाबून बसवले. आत करकर असा आवाज झाला. मला वाटलं, काय घट्ट बसलाय!

त्यानंतरचे दिवस मी सोसायटीला ट्रेलर दाखवण्यात घालवले. दिवे लावून दाखवले, पंखा लावून दाखवला, सेक्रेटरींना विजेच्या किटलीत चहा करून पाजला. मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणीसुद्धा वाटून दाखवली. बायको म्हणाली, आता तरी खिडकीतून वायर घे आणि भरून ठेव. मी म्हणालो, घोडबंदरला निदान दोन-तीन तास अडकणार आहोत, तेवढ्यात ठासून भरेल. मुंबईत ट्रॅफिक लागावा म्हणून मनापासून प्रार्थना करणारा मी पहिलाच असेन.

रविवारी निघालो. मी, बायको, पुढच्या सीटवर आई आणि तिच्या पायाशी सिलिंडर. ट्रॅफिक अगदी मनासारखा लागला. ठाण्यापुढे तर गाडी चालते आहे की उभी आहे ते झाडांकडे बघून ठरवावं लागत होतं. शेजारच्या टेम्पोवाल्याने काच खाली करायला लावून विचारलं, "कुठे लावता गाडी?" मी हसून हात हलवला. मागून बायको म्हणाली, "ॲपमध्ये शून्य दाखवतंय. चार्ज होतंय ना?"

"बॅटरी पूर्ण भरली की ती वीज घेणं थांबवते. मग शून्यच दाखवणार."

हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. कोणालाही विचारा. तिने विचारलं, "पण चटणी वाटली ती वीज कुठून आली मग?" मी गाणी लावली.

बोरिवलीला मावशीच्या बिल्डिंगच्या फाटकाशी आलो तेव्हा आईने माझ्या हातावर हात ठेवला. "जरा थांब. परत जाऊया का?"

मला वाटलं, मशीनची काळजी आहे. मी गाडी कडेला घेऊन तिला बॅटरी, चार्जर, जाड वायर, सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला लागलो. तिने मला मध्येच तोडलं.

"अरे, मशीनचं काय सांगतोस मला? मशीन नसतं तरी मी सिलिंडर घेऊन कधीच आले असते. ती मला ओळखेल का, ते सांग."

एवढे महिने मी ज्या प्रश्नाचं उत्तर काढत होतो, तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता. मागून बायकोने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "चल आत." मी गाडी आत घेतली, कारण गाडी आत घेणं तेवढं मला जमत होतं.

बाकाशेजारी ट्रेलर लावला. आईला आत गादीवर बसवलं, नळी लावली, मशीन सुरू केलं. ते घरघरायला लागल्यावर माझ्यात पुन्हा थोडा जीव आला. गॅलरीतून मावसभाऊ ओरडला, "आई झोपलीय, उठली की आणतो! वायर सोडू का?"

"गरज नाही!" मी असा ओरडलो की प्रत्येक मजल्यावरून एकेक डोकं बाहेर आलं.

त्या डोक्यांसाठी मी थोडा फिरलो. कमरेवर हात ठेवून टायर बघितले. एका आजोबांना "गाडीवरच चार्ज होतं" असं सांगितलंदेखील. ते आजोबा "वा" म्हणत होते तेवढ्यात आतून मशीनने किंकाळी फोडली. मग दिवा गेला. मग पंखा गेला. बायकोने एका उडीत सिलिंडरची नळी आईला लावली, आणि त्यामुळे आईचा श्वास एकदाही अडला नाही, हे तिचं श्रेय. आपण काय खेळ मांडला होता आणि कोणाला घेऊन, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

वरून आवाज आला, "आता सोडू का रे?"

"सोड," मी म्हणालो. आवाज फारसा निघाला नाही, पण तो वायर घेऊन तयारच होता. गणपतीच्या मंडपाची ती पिवळी वायर तीन मजले डुलत डुलत खाली आली आणि मशीन सुरू झालं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मजल्यामजल्यावरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी पुढे जाऊन प्लग उघडला. धातूच्या पट्ट्यांवर कुंकवाचं वाळलेलं पूट, आणि दोन्हींच्या मध्ये चिरडून, काळ्या पडून बसलेल्या अक्षता. पट्ट्या एकमेकींना धड भिडल्याच नव्हत्या. दसऱ्यापासून बॅटरीत थेंबभर वीज गेली नव्हती, आणि होती ती सेक्रेटरींच्या चहात संपली होती. मी नखाने अक्षता कोरून काढल्या, तर आतून आई म्हणाली, "पूजेच्या आहेत, खाली टाकू नकोस." मी त्या शर्टाच्या खिशात ठेवल्या. बायको तोंडावर पदर धरून गाडीमागे गेली. हसून झाल्यावरच परत आली.

एवढ्यात मावसभाऊ मावशीला घेऊन जिन्यातून आला. एका हाताने कठडा, एका हाताने मुलाचा दंड. ती खूपच लहान झाली होती, म्हणजे अंगाने. आम्ही दोघांनी तिला धरून ट्रेलरमध्ये चढवली आणि आईसमोर बसवली. मी, बायको, मावसभाऊ, तिघेही दारात. आईने पदर सारखा केला. नाकातल्या नळीवर तिचा हात गेला, जणू ती काढून टाकली तर ओळख पटेल असं तिला वाटलं असावं.

मावशीने आधी पंख्याकडे पाहिलं, मग गादीवर हात फिरवला, मग आईकडे बघून अगदी पाहुण्यांशी बोलतात तशी बोलली. "तुमी खंयच्या?"

मावसभावाने पटकन "अगं आई, ही तर..." असं सुरू केलं, पण आईने हात वर करून त्याला थांबवलं.

"कणकवलीकडची," आई म्हणाली.

"असां? आमचो गावय थंयसरच." मावशीला बरं वाटलं. ती थोडी पुढे सरकली. "माझी एक धाकटी भैण आसा. लगीन करून मुलुंडाक दिल्ली. पण आता येणा नाय ती. दम लागता तिका."

"होय?"

"लय दम लागता. लहान असतानापासून तशीच. मी तिका पाठकुळी घेवन शाळेत न्हेय." मावशीने आईचा हात हातात घेतला, नळीकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे बघितलं. "तुमका गावली तर सांगा तिका. जिनो चढू नको म्हणान सांगा. मीच खाली येतंय."

"सांगतंय," आई म्हणाली. "नक्की सांगतंय."

मग दोघी बराच वेळ तशाच बसल्या. आई तिच्या बोटांवरून बोटं फिरवत होती. मावशी गावच्या विहिरीबद्दल काहीतरी सांगत होती, तेच तेच, आणि आई प्रत्येक वेळी "मगे?" असं विचारत होती. मी बाकावर जाऊन बसलो. मला भयंकर रडू येत होतं आणि ते त्या आजोबांना दिसू नये म्हणून मी उगाच ट्रेलरच्या चाकाकडे बघत राहिलो.

उन्हं कलायला लागली तसं आम्ही निघालो. मावशीला वर पोचवलं, वायर वर गेली, आई गाडीत बसली. फाटकातून बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "आई, वाईट नको वाटून घेऊस. तिने ओळखलं नाही, पण..."

"पुढच्या रविवारी परत यायचं," आई म्हणाली.

"येऊ. पण आई, अगं, तिला तर..."

"ऐकलंस ना तू? वाट बघतेय ती माझी."